तीन ईसा न पाच

"तेरा पंचे?" मास्तरांनी विचारलं.

मी मुठीतल्या दोरीला गाठी मारल्या आणि म्हणालो, "तीन ईसा न पाच."

वर्ग हसला. मास्तरांनी दोरी हिसकावली. आमच्या मासवणला गवताचे भारे मोजताना वीस झाले की बाप दोरीला एक गाठ मारायचा. हातापायांची बोटं वीस, म्हणून वीस. त्याला आम्ही ईस म्हणायचो. तीन गाठी आणि वर पाच, म्हणजे पासष्ट. उत्तर बरोबर होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण तेव्हा तसं कोणीच म्हटलं नाही.

मास्तर म्हणाले, "पायाची बोटं मोजतो हा! मग झाडावरच बस की."

दोरी माझ्या गळ्यात बांधून त्यांनी मला दारात उभं केलं. "पासष्ट म्हणेस्तोवर आत यायचं नाही."

पालघरची शाळा, इयत्ता पाचवी. तिकडे तारापूरला वीजकेंद्राचं काम नुकतंच सुरू झालेलं. मी मामाकडे राहून शिकत होतो. अकरा दिवस दारात उभा होतो. पासष्ट मला म्हणता येत होतं. पहिल्या दिवशी भीतीने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम.

चौथीपर्यंत मला मासवणच्या गुरुजींनी शिकवलं. ते आमच्यातच जमिनीवर बसायचे. "तुझी रीत दाखव, मग माझी बघ," म्हणायचे. एकदा त्यांची बेरीज चुकली, माझी दोरी बरोबर निघाली. त्यांनी फळा पुसला आणि वर्गाला सांगितलं, "आज मी शिकलो." मास्तरांच्या वर्गात उत्तर मास्तरांचं असायचं. पोराने ते फक्त परत द्यायचं.

बाराव्या दिवशी तपासणीचे साहेब न कळवता आले. हजेरी कमी भरली तर एक तुकडी बंद होणार होती. पोरांनासुद्धा ठाऊक होतं.

"हजर किती?"

"एकसष्ट, साहेब." मास्तरांनी हजेरीपट पुढे केला.

मी दारातून म्हणालो, "नाय साहेब. दोन ईसा न सात हायेत. माझ्यासकट."

दारात दुसरं काम काय होतं? रोज डोकी मोजायचो.

मास्तर माझ्याजवळ आले. पहिल्यांदाच पाठीवर हात ठेवला. हळूच म्हणाले, "बाळ, मोजायला चुकलो म्हण. आत बसवतो. नाहीतर नाव कापीन."

बाळ! अकरा दिवसांनी.

"नाय चुकलो," मी मोठ्याने म्हणालो. "तुमीच मोजा, साहेब."

साहेबांनी एकेका डोक्यावर बोट रोखून मोजलं. सत्तेचाळीस.

आठवड्यात माझं नाव पटावरून गेलं. वर्ष बुडालं. मास्तर तिथेच राहिले, तिथेच निवृत्त झाले.

आता त्याच शाळेत त्यांचा सत्कार आहे. पाद्यपूजाही आहे. मी बोईसरला कारखान्यात हिशोबनीस आहे, माझी मुलं शिकली, म्हणून मलाही बोलावणं आलं. गुरूंविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. बायको म्हणते, "म्हातारा माणूस आहे. सोडा की आता."

सोडणार नाही. दोरी जपून ठेवली आहे, गाठींसकट. ती गळ्यात घालून जाईन. दारातच उभा राहीन. आधी मासवणच्या गुरुजींचं नाव घेईन. मग अकरा, एकसष्ट, सत्तेचाळीस. एकही आकडा गाळणार नाही. पाया पडणार नाही.

आणि "मी चुकलो" असं ते सगळ्यांसमोर म्हणेस्तोवर त्या दारातून हलणार नाही.