पाखरं उठायची वेळ

मे महिन्यातली दुपार म्हणजे हिमाचलातल्या या नदीवर गळवाल्यांनी मुकाट्याने आडवं व्हायची वेळ. पाणी उतरलेलं, ऊन डोक्यावर आणि ट्राउट मासा दगडाखालून हलेल तर शपथ! कुंदाताईही गेस्टहाऊसच्या ओसरीत खाटेवर पडल्यात. दर उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर सांगलीहून इथवर यायच्या. यंदा एकट्या आल्यात आणि गळाच्या काठीला अजून हातसुद्धा लावलेला नाही. डोळा लागतो न लागतो, तोच कोणीतरी खाट हलवतं.

"अगं ऊठ, पाखरं उठलीत!"

पद्माकर. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर तीच भोकाची टोपी. दिवाळीत गेलेला माणूस, आणि घाई बघा!

पायऱ्या उतरल्या की नदी, आणि नदीच्या तळाला हॉस्पिटलच्या पांढऱ्या फरश्या. दोन्ही काठांना लोखंडी खाटा लागल्यात. कुंदाताईंना त्याचं काहीच वाटत नाही. पाण्यातून चिलटांएवढी इवली इवली पाखरं सुटतायत, पंख वाळवून उडतायत, आणि मासे त्यांच्यावर तुटून पडलेत. त्या काठी उचलतात.

"थांब. माशाचं तोंड दिसतंय की पाठ?"

"पाठ."

"मग उडणारं पाखरू नाही, पाण्याखालचं खातायत. बुडणारी, पिसांची नकली माशी बांध गळाला. इतकी वर्षं येतेस, एवढं कळू नये?"

"शिकवलं कोणी होतं?"

पद्माकर खो खो हसतात. खोकला येत नाही, दम लागत नाही. कुंदाताईंना ते बघूनच बरं वाटतं.

मासा लागतो. गळ काढून त्या त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरतात, तोंड प्रवाहाकडे. मासा भिरकावून सोडायचा नाही, त्याला दम येऊन तो स्वतः शेपूट मारेपर्यंत धरून ठेवायचं, हा दोघांचा नेम. तो धरलेला असतानाच त्या विचारतात. सहा महिने हेच एक छातीवर बसलंय.

"अहो, डॉक्टरांना मीच म्हणाले, मशीन काढा. मी घाई केली का हो?"

"काढल्यावर काय केलंस?"

"तुमचा हात धरून बसले."

"सोडलास कधी?"

"मी कुठे सोडला? तुमचीच बोटं सैल झाली."

"मग झालं तर! उगाच जिवाला घोर लावून घेतलास. कंटाळलो होतो गं त्या नळ्यांना. तू होतीस ना शेजारी, बास."

मासा शेपटीचा फटकारा मारून निघून जातो. पद्माकर वरच्या डोहाकडे चालू लागलेत, टोपी सावरत.

"जेवलात का?" त्या मागून ओरडतात.

"तू जेव आधी!"

जाग येते तेव्हा ऊन कललंय. आतून कुकरची शिट्टी ऐकू येतेय. कुंदाताईंचे तळहात ओले आहेत, बुळबुळीत. त्या नाकाशी नेतात. माशाचा वास! त्या हसतात, मग रडतात, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना सपाटून भूक लागते.