वाऱ्याने पडायचं नाही

तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघावं, तसं ते पोलादाच्या कपाळाला बोट लावून बघायचे. उजव्या हाताची तर्जनी, डोळे मिटलेले, हलकासा रेटा. मग पुटपुटायचे, "बरा आहे." हा पेशंट म्हणजे पॉपर. पिस्तुलाच्या स्पर्धेत उभी करतात ती कमरेएवढी पोलादी पाटी, वर डोक्यासारखी गोल, खाली बिजागरी. गोळी लागली की धाडकन मागे पडते. पडली तरच गुण. उभी राहिली तर लागलेली गोळीही वाया. या पाट्या उभ्या करायचं आणि त्यांचे स्क्रू पिळायचं काम आमच्या क्लबात ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे मराठी लोक 'हात-लावू-नका काका' म्हणायचे. कारण दिवसातून हजार वेळा ते एवढंच बोलायचे. मी मोजलं नाही, पण हजाराला एकही कमी असेल तर माझं नाव बदला.

काका मूळचे नागपूरचे. इथे फेल्डहोवन या डच गावात चिपची यंत्रं बनतात तिथे इंजिनीअर, म्हणजे जिथे धुळीच्या कणालाही आत यायला ओळखपत्र लागतं तिथे. शनिवारी मात्र माळावरच्या आमच्या रेंजवर रेतीत गुडघे टेकून बसलेले. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. "ज्याच्यासाठी घराबाहेर जावं लागेल असा एखादा छंद धर," असं बायकोने बजावलं म्हणून नेमबाजीकडे वळलो. पहिल्याच दिवशी मदत म्हणून पडलेला पॉपर उचलून उभा केला, तर काका माळाच्या दुसऱ्या टोकावरून गरजले, "हात लावू नका!" सीमेपलीकडे बेल्जियममधल्या गाईंनी त्या दिवशी दूध दिलं नाही म्हणतात.

"अहो, उभाच तर केला," मी म्हणालो.

"उभा नाही जी केला, टेकवला तुम्ही. वाऱ्याने पडता कामा नये आणि गोळीने उभा राहता कामा नये. या दोघांच्या मधे जेवढी जागा आहे ना, तेवढीच माझी नोकरी."

आणि इथला वारा म्हणजे काय सांगू! एकदा मी सायकलवर बसून तासभर पायडल मारले आणि उतरून बघतो तर घराच्या मागच्या बाजूला पोचलेलो. अशा वाऱ्यातही काकांचा पॉपर ताठ उभा असायचा, आणि गोळी लागली की सरकारी शिपायासारखा लगेच आडवा व्हायचा. 'माझी गोळी लागली, पण पाटी पडली नाही' अशी तक्रार कोणी केलीच, तर पाटी तशीच उभी ठेवून रेंजचा प्रमुख ठरलेल्या जोराची गोळी तिच्यावर झाडून बघतो. त्या गोळीने पडली तर चूक नेमबाजाची, त्याचे गुण गेले. उभी राहिली तर चूक पाटीची, नेमबाजाला पुन्हा संधी. काकांची पाटी या तपासणीत कधीच उभी राहिलेली नव्हती. या एका गोष्टीचा त्यांना माज होता, आणि तो त्यांना शोभायचा.

मग साथ आली आणि सगळं जग काकांच्या मताचं झालं. दुकानात, शाळेत, लिफ्टमध्ये एकच घोषणा, हात लावू नका. एरवी एकाचे बार झाले की गटातले सगळेच काकांच्या देखरेखीखाली पाट्या उचलायला पळायचे. आता नियम निघाला की पाट्यांना दिवसभर एकाच माणसाने हात लावायचा. काका म्हणाले, "तो माणूस मी." हातमोजे, मास्क, कमरेला फवाऱ्याची बाटली. प्रत्येक नेमबाजानंतर चालत जायचं, वाकायचं, उचलायचं, बोट लावायचं, परत यायचं. त्या दिवसांत आम्ही खुर्चीत बसून बसून थकलो होतो. काका मात्र खरोखरचे थकले. दुपारी मास्कच्या वर त्यांचे डोळे दिसायचे ते धुऊन वाळत घातल्यासारखे.

"काका, बसा की थोडं. मी उचलतो."

"दीड मीटर, साहेब. तिथूनच बोला."

साथ जरा ओसरली तेव्हा निवड स्पर्धा भरली. काकांची मुलगी सुजाता महिला संघातल्या शेवटच्या उरलेल्या जागेसाठी खेळत होती. इथेच वाढलेली पोर. आम्ही मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं. पुढच्या वर्षी काका-काकू कायमचे नागपूरला निघणार होते, काकूंना ऊन हवं होतं. त्याआधी लेकीला संघाच्या जर्सीत बघायचं, एवढी एकच हौस काकांनी बोलून दाखवली होती.

सुजाताचा नंबर सगळ्यात शेवटी. काका पाट्या उभ्या करून परतले. मी जागेवरच चरकलो. शेवटच्या पाटीला त्यांनी बोट लावलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून तसेच वळले होते. दिवसभराच्या दणक्यांनी रेतीत तिचं बूड पुढच्या बाजूला खचलं होतं, हे नंतर कळलं.

सुजाता विजेसारखी खेळली. पाट्या धडाधड पडल्या. शेवटच्या पाटीवर गोळी लागल्याचा टण्णकन आवाज झाला, ती थरथरली आणि उभी राहिली. सुजाताने पुन्हा झाडली नाही. पिस्तूल रिकामं केलं, म्यानात ठेवलं आणि विम नावाच्या दोन मीटर उंच रेंज-प्रमुखाला शांतपणे म्हणाली, "तपासा."

विम तपासणीचं पिस्तूल आणायला गेला. आम्ही सगळे त्या पाटीकडे बघत उभे. तपासणीच्या आधी वाऱ्याने किंवा कोणाच्या धक्क्याने पाटी पडली, तरी नेमबाजाला पुन्हा संधी मिळते. पण वर्षभर आमची छपरं उडवणारा तो हरामखोर वारा नेमका तेव्हा जेवायला गेला होता. गवताचं पातं हलेना.

"काका," मी कुजबुजलो, "माझी टोपी उडून तिकडे गेली तर?"

"टोपी गेली समजा. पाऊल टाकू नका."

"मोठ्याने शिंकू का?"

"पोलीस नेतील." खरंच होतं. त्या दिवसांत शिंकणं हा गोळी झाडण्याहून मोठा गुन्हा होता.

मग काकांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि पाटीच्या दिशेने एक पाऊल टाकलं. एक बोट लागलं असतं तर लेकीला पुन्हा संधी, आणि काकांची पाटीही तपासणीतून सुटली असती.

सुजाताने मान वळवली नाही. पण बोलली ती मराठीत.

"बाबा, हात नका लावू."

काका थांबले. ते पाऊल बोट लावायला होतं की पाय आखडला म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. मला इतर सगळ्या बाबतीत नाक खुपसायची सवय आहे.

विमने नेम धरला. टण्ण! पाटी थरथरली. उभीच राहिली.

कोणीच टाळी वाजवली नाही. काका सावकाश चालत गेले, पाटीच्या कपाळावर बोट ठेवून रेटलं. ती हलली नाही. परत येताना मला म्हणाले, "खोटं बोलत नाही पोलाद. म्हातारा दमला, एवढंच सांगितलं त्याने." आणि रेतीतच बसले. पाटी विमने नीट केली. त्याने पहिल्यांदाच हात लावला आणि काकांनी पहिल्यांदाच लावू दिला.

सुजाता पुन्हा खेळली आणि संघात आली. मग लाट परत आली, ज्या स्पर्धेला संघ जाणार होता ती रद्द झाली, आणि जर्सी टपालाने आली. ती घालून तिने दिवाणखान्यात एक फेरी मारली. काकांनी सोफ्यावरून बघितली, बघता बघता तिथेच डोळा लागला.

ते निघाले त्या दिवशी मी निरोपाला गेलो. घरात दिवसाला एकच पाहुणा चालायचा आणि तो आधीच येऊन गेला होता, म्हणून फाटकाबाहेरच थांबलो. टॅक्सीत काकू, सामान. मी दीड मीटरवरून नमस्कार केला. काकांनी जय भीम केला, दोन पावलं चालले, मग वळून सरळ माझ्यासमोर आले. उजव्या हाताची तर्जनी माझ्या कपाळावर ठेवली, डोळे मिटले आणि हलकेच रेटलं.

त्या दोन वर्षांत घराबाहेरच्या कोणीच मला हात लावला नव्हता. मी मागेपुढे झालो, पण उभा राहिलो.

"बरा आहे," काका म्हणाले, आणि टॅक्सीत बसले.