गवंडीमामांचा दगड

सहलीची तयारी माझ्याकडे असायची. पाणी, खुबूसच्या रोट्या, खजूर, कांदे, काडेपेटी, मलमपट्टी, जास्तीची चप्पल. कॅम्पात मी स्टोअरकीपर होतो. यादी केल्याशिवाय मला दाराबाहेर पाऊल टाकता येत नसे. अजूनही येत नाही.

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मदच्या आमच्या कामगार कॅम्पात डोंगरातली माणसं पुष्कळ होती, पण आसपास डोंगर एकही नव्हता. कुठेही उभं राहा, जमीन परातीसारखी. ही ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. शुक्रवारी बाकीचे कपडे धुवायचे, झोपायचे, घरी पाठवायला कॅसेटवर बोलायचे. आम्ही तिघं चालायला जायचो: मी, पिकअप चालवणारा मालवणकडचा ड्रायव्हर आणि गवंडीमामा.

मामा मावळातले. त्यांचं गाव डोंगराच्या माचीवर, आणि वर जायला एकच वाट. पूर्वी बैलांचे तांडे जायचे ती, कातळात पायऱ्या खोदलेली. रस्ता नव्हताच. वाटेच्या शेवटी खिंड आणि खिंडीत देवीपुढे दगडांची रास. चढणाऱ्यानं पायथ्यापासून एक दगड आणून राशीवर ठेवायचा, मगच गावात शिरायचं. माचीवर मामा दगडी घर बांधत होते. दर सुट्टीत थोडं थोडं. आता फक्त छप्पर राहिलं होतं.

कामाला मामा अल दुहैलला असत, नव्या बंगल्यांच्या बांधकामावर. दिवसभर यंत्रावर दगड कापायचे. संध्याकाळी गाडीतून उतरले की भुवया पांढऱ्या. खोकायचे, पण कॅम्पात खोकत नव्हतं कोण?

उत्तरेला रुवैस बंदराच्या पुढे एक बेट आहे. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. ओहोटीची वेळ मी बंदरावरच्या कोळ्यांना विचारून ठेवली. बेटावर मोती काढणाऱ्यांची जुनी वाट होती, दोन्ही कडांना दगड लावलेली. ती एका बुजलेल्या विहिरीजवळून जाऊन खडकाळ टेकडीवर चढायची. तिथून म्हणे ते लोक आपल्या होड्यांची वाट बघायचे. टेकडी कसली, गावाकडे तिला कुणी नावसुद्धा दिलं नसतं. पण कतारमध्ये आम्हाला सापडलेला तो एकच चढ होता.

मामांनी किनाऱ्यावरचा एक चांगला नारळाएवढा दगड उचलला.

"मामा, हय देवी नाय," ड्रायव्हर म्हणाला.

"नसंना का. चढ म्हंजे चढ. मोकळ्या हातानं जाऊ न्हाई."

"मग यल्ला! तुमचो हिमालय इलो!"

आम्ही हसलो, मामाही हसले आणि पुढे झाले. विहिरीपर्यंत ते माझ्या पुढेच होते. चढ लागला तसे मागे पडले. पहिल्या वळणावर मी वळून पाहिलं, तर मामा गुडघ्यांवर हात टेकून उभे. ओठ निळसर झालेले. दगड पायाशी पडला होता.

मी पाणी दिलं. ड्रायव्हरनं दगड घ्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे. ज्याचा त्यानंच न्यायचा आस्तो."

 वारा होता, पण मामांच्या छातीची शिट्टी त्यातूनही ऐकू येत होती.

"हितं कळलंच न्हाई रं," ते शेवटी म्हणाले. "सपाटीवर कळतंय कुठं?" आणि मग माझ्याकडे बघत, "आता मी घरला कसा जाऊ?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी म्हणजे मुंबईला नव्हे, पायथ्यालाही नव्हे. त्या पायऱ्या चढून.

पुढचं भराभर झालं. कंपनीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, फुप्फुसांत दगडाची धूळ बसली होती. मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, घरी पाठवायच्या कागदावर सही केली, "खलास" म्हणाला. मामांची पेटी मीच बांधली. दोरी, ताडपत्री, दोन घोंगड्या, खोकल्याचं औषध, आणि छपरासाठी घेतलेले खिळे. ते त्यांनी काढू दिले नाहीत.

पुढच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. ते पायथ्याच्या वाडीत बहिणीकडे राहत होते, वाटेकडे तोंड करून ओट्यावर बसलेले. छप्पर झालं होतं. बायकोनं माणसं लावून करून घेतलं होतं. ती वर शेरडं सांभाळायची आणि दोन दिवसांआड दूध घेऊन खाली उतरायची.

"डोली करू," मी म्हणालो. मी सगळं ठरवूनच गेलो होतो. बांबू, घोंगडी, चार माणसं, बदलीला आणखी दोन. "सकाळच्या गारव्यात निघू."

"डोली खाली जायाला आस्ती," मामा म्हणाले. "दवाखान्याला न्ह्यायला. डोलीत बसून वर गेल्यालं कुणी बघितलंय का तू?"

"मामा, घर तयार आहे."

"हाये की. आन् खिंडीत काय ठिवू? माझा दगड काय त्या चौघांनी न्ह्यायचा?"

मी पुष्कळ समजावलं. बायको दाराशी उभी होती. रिकामा तांब्या घेऊन ती वाटेला लागली. वळणाआड जाईपर्यंत मामा तिच्याकडे बघत राहिले.

मी कतारला परतलो आणि पावसाळ्यानंतर कळलं, मामा पायथ्यालाच गेले.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी ड्रायव्हर आणि मी पुन्हा त्या बेटावर गेलो. दगड पहिल्या वळणावर तसाच होता. ड्रायव्हर वाकला, हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"वर नेवन ठेवया काय?"

"नको."

त्यानं हात काढला. आम्ही तिथेच दगडाजवळ बसून खुबूस आणि कांदा खाल्ला. टेकडीचा माथा अगदी समोर होता. भरतीची वेळ मी लिहून आणली होती. ती व्हायच्या आत उठलो आणि आल्या वाटेनं परत निघालो. वर गेलो नाही.