सासऱ्यांनी शाकारलेलं छप्पर

आमच्या घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं, हे मी नवऱ्याला आजवर सांगितलेलं नाही. गळतंय म्हणजे ते कधीतरी उघडावं लागणार. उघडलं की थोडं उंच करून खाली माळ्याची एक खोली काढता येणार, आणि खोली झाली की सासऱ्यांना वर पाठवता येणार. माझा बेत इतका सरळ होता.

सासरे आमच्याकडे सहा वर्षं आहेत. सासूबाई गेल्यावर रत्नागिरीहून आले ते राहिलेच. त्याआधी आम्ही इथे परदेशात, शहराच्या उत्तर टोकाला वुडलँड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. मग इथलं नागरिकत्व घेतलं, पासपोर्ट बदलले आणि पूर्वेकडे हे जुनं, बैठं, रांगेतलं घर घेतलं. पुढे दोन खोल्या, मधे हॉल, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून सासऱ्यांची खोली. त्या खोलीचं दार उघडलं की समोर माझा ओटा. त्या दारात खुर्ची टाकून हा माणूस सकाळी सातला बसतो. मोहरी तडतडायच्या आत हिंग पडला की मागून आवाज येतो, "आमच्याकडे असं घालत नाहीत." आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करते. बँकेची मीटिंग चालू असताना माझ्या पाठीमागून बनियनवरचे हे गृहस्थ तांब्या घेऊन जातात, थांबतात, स्क्रीनमध्ये डोकावतात आणि विचारतात, "यात मराठी कोण आहे?" मी किती वाजता उठले याची बातमी संध्याकाळी नवऱ्याला मिळते. त्यांचा इथे राहायचा पास वाढवायची वेळ आली की फॉर्म मी भरायचा आणि फोटोत कॉलर वाकडी आली म्हणून बोलणीही मीच खायची.

तर छप्पर. ते काळ्या पाट्यांचं आहे. शाळेत आपण ज्या दगडी पाटीवर लिहायचो तोच दगड, हातभर लांबीचे तुकडे, एकावर एक अर्धे झाकून खिळ्यांनी ठोकलेले. आजूबाजूला सगळ्यांची लाल कौलं, आधीच्या मालकाला ही कसली हौस होती देव जाणे. काँट्रॅक्टर म्हणजे साठीतला एक चिनी माणूस. त्याने अंगणातूनच मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "धिस काइंड नोबडी डू ऑलरेडी. चेंज ऑल." पाट्या काढायच्या, पत्र्याचं नवं छप्पर घालायचं, मधला भाग उचलायचा आणि हॉलमधून जिना द्यायचा. मला हेच ऐकायचं होतं.

जेवताना मी विषय काढला. खोली कोणासाठी हे मी बोलले नव्हते, पण सासऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी भात कालवायचा थांबवला.

"जिना मला जमणार नाही. गुडघे बघतेस ना माझे?"

"लिफ्ट तर बसवता येणार नाही बाबा," मी म्हटलं.

"आणि छपराला काही झालेलं नाही. सहा वर्षांत एकदाही शाकारलं नाही तुम्ही. गळेल नाहीतर काय करेल?"

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पावसाआधी घर शाकारायचं, म्हणजे कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा रचायची. मी मुंबईची, पण लग्नानंतर दोन उन्हाळे मीही खाली उभी राहून कौलं हातोहात दिली आहेत. म्हणून मी त्यांना समजावून सांगितलं, की ही कौलं नव्हेत, यांना खिळे मारलेत, या उचलून परतता येत नाहीत आणि त्यांच्यावर पाय दिला तर तडकतात.

"छप्पर म्हणजे छप्पर," सासरे म्हणाले. "मला शिकवू नकोस."

नवरा म्हणाला, "बघू." लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण या माणसाने माझ्या आणि त्याच्या वडिलांच्या मधे उभं राहून याहून मोठं वाक्य उच्चारलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी चांगी बिझनेस पार्कात ऑफिसला होते. दुपारी मुलीचा मेसेज आला. ती शाळेतून नुकतीच घरी पोचली होती. "मम्मा, आजोबा इज ऑन द रूफ. नॉट जोकिंग लाह." खाली फोटो. मागच्या बाजूला छप्पर उतरतं तिथे शेजाऱ्याची शिडी लावलेली, आणि वर हाफ पँट घालून, डोक्याला पंचा गुंडाळून उकिडवे बसलेले आमचे गुडघेदुखीवाले. मी बॉसला काय सांगितलं आठवत नाही. टॅक्सीत बसून मी त्यांना आधी शिव्या दिल्या आणि मग घाबरले. क्रम हाच होता, उगाच चांगुलपणा दाखवत नाही.

मी पोचेपर्यंत ते उतरले होते. घामाने निथळत खुर्चीत बसून ताक पीत होते. मागच्या अंगणात दगडाच्या चिपा पडल्या होत्या. माझ्या टूलबॉक्समधल्या मोठ्या स्क्रूड्रायव्हरने त्यांनी पाट्या उचकटल्या होत्या. निम्म्या फुटल्या, निम्म्या निघाल्या. निघालेल्या त्यांनी ब्रशने घासून, पालथ्या करून, कौलं रचतात तशा नुसत्या रचून ठेवल्या होत्या. एकालाही खिळा नाही.

"झालं शाकारून," ते म्हणाले. "आता एक थेंब येणार नाही."

दुसऱ्या दिवशी इथला नेहमीचा दुपारचा पाऊस आला. अर्ध्या तासात त्या पाट्या घसरून एकेक करत खाली आल्या आणि पाणी थेट त्यांच्याच खोलीत उतरलं. गादी गेली, पंखा गेला, पलंगाखालची ट्रंक भिजली. काँट्रॅक्टरने येऊन निळी ताडपत्री बांधली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू छपरावर मीच गेले होते. सासऱ्यांचा पलंग हॉलमध्ये आला. आता ओटा, माझं कामाचं टेबल, टीव्ही, बाहेरचं दार, सगळंच त्यांच्या नजरेखाली. मी नवऱ्याला म्हटलं, "यांनी मुद्दाम केलंय." तो म्हणाला, "मुद्दाम कसं करतील?" मुलगी म्हणाली, "ही वॉज ट्राइंग टू हेल्प." घरात मी एकटीच वाईट ठरले. ठरले तर ठरले.

पण माझं तोंड गप्प बसणारं नाही. त्या शनिवारी नवरा मुलीला घेऊन लिटिल इंडियात सामान आणायला गेला होता. सासरे हॉलमध्ये पलंगावर बसून ट्रंकेतले ओले कागद पंख्याखाली पसरत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"जिना चढवत नाही म्हणालात ना? मग छपरावर कसे चढलात?"

ते कागद लावतच राहिले.

"बाबा, मी तुमच्याशी बोलतेय. गुडघ्यांचं नाटक होतं का सगळं?"

"गुडघे दुखतात," ते म्हणाले. "त्या दिवशीही दुखत होते. छपरावर काम होतं म्हणून गेलो. वरच्या खोलीत मला काय काम आहे?"

"आराम करायचा. कोणी त्रास देणार नाही तुम्हाला."

"मला कोणाचा त्रास होतोय असं मी म्हटलं कधी?"

मला जास्तच राग आला. मी म्हटलं, "मला होतो." सहा वर्षांत पहिल्यांदा तोंडावर म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू मी भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या फोडणीला नावं ठेवायचं बंद केलं. शांतता मिळाली, पण ती मला मुळीच गोड लागली नाही.

दोन आठवड्यांनी आर्किटेक्टचा नकाशा आला. परवानगीसाठी त्यावर आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. नवरा सकाळीच सही ठोकून ऑफिसला पळाला होता, अर्थात. मी हॉलच्या टेबलावर नकाशा उलगडला आणि सासरे उठून आले. सगळं आयुष्य जमीन मोजणी खात्यात काढलेला माणूस, कागदावर रेघ दिसली की बघितल्याशिवाय राहवत नाही. चष्मा लावून त्यांनी जिना मोजला, छपराचा उतार बघितला, मग माळ्याच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, 'स्टोअर'.

आर्किटेक्टने मला हे आधीच सांगून ठेवलं होतं. कडेला उंची पुरत नाही, म्हणून कागदावर तिला झोपायची खोली म्हणता येत नाही. सामानाची खोली म्हणून मंजूर करून घ्यायची, पुढे तुमची तुम्ही वापरा. मी बरं म्हटलं होतं आणि घरात कोणाला बोलले नव्हते.

"उंची पुरत नाही म्हणून तसं लिहावं लागतं," मी म्हटलं. "नुसतं कागदोपत्री आहे बाबा ते."

"कागदोपत्रीच खरं असतं," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, मी तडातडा बोलले असते. त्यांनी नकाशा माझ्याकडे वळवला, सहीची जागा शोधून दाखवली आणि खिशातलं पेन काढून पुढे केलं.

"साक्षीदार लागत असेल तर माझी घे."

"नाही लागत," मी म्हटलं आणि त्यांच्याच पेनने सही केली.