लाटण्याचं गेट

जगातल्या ज्या ज्या शहरात जमिनीखालून रेल्वे धावते, तिथे माझ्या वहिनींना परकं ठरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे मी त्यांच्या गाझियाबादच्या डायनिंग टेबलावर हात ठेवून शपथेवर सांगायला तयार आहे. लोक परदेशी निघाले की आधी व्हिसा बघतात, मग हॉटेल, मग तिथे शाकाहारी मिळतं का ते. वहिनी आधी त्या शहराचं प्रवासाचं कार्ड फोनमध्ये उतरवून घेतात. "हॉटेल काय, पाठ टेकायला. कार्ड दिवसभर लागतं," हे त्यांचं म्हणणं. हाँगकाँगची सहल ऐनवेळी रद्द झाली, पण हाँगकाँगचं कार्ड अजून त्यांच्या फोनमध्ये आहे. दादा एकदा म्हणाला, "काढून टाक की ते." त्यावर त्या म्हणाल्या, "असू दे हो. शहराला वाईट वाटेल."

या सगळ्यामागे त्यांचा एक सिद्धांत आहे. लग्न होऊन मिरजेहून त्या दिल्लीला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये तिकीट काढताना त्या सुटे शोधत राहिल्या, तर कंडक्टर सगळ्यांसमोर खेकसला, "जल्दी करो, बाहर की हो क्या?" बस हसली. त्या दिवशी वहिनींना जगाचं रहस्य कळलं. खिडकीशी जो थांबतो तो पाहुणा, न थांबता जातो तो घरचा. पुढे दिल्लीत मेट्रो आली, मग फोनमधली कार्डं आली, आणि वहिनींना वाटलं की ही सोय कोणीतरी खास त्यांच्यासाठी केली आहे. फोन टेकवायचा आणि चालू पडायचं. कोणाची बिशाद आहे बाहरची म्हणायची!

त्यांच्या सोसायटीतली निम्मी मुलं परदेशात आहेत, त्यामुळे निम्मे आईबाप वर्षातून एकदा तिकडे जातात, आणि जाण्याआधी वहिनींच्या क्लासला येतात. पोळ्यांच्या डब्याचं झाकण हे मशीन. त्यावर फोन टेकवायचा, वहिनी तोंडाने 'पीप' करतात आणि आडवं धरलेलं लाटणं उचलतात. चुकलं की लाटणं खाली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त शर्माजी तीनदा लाटण्याला अडकले. "भाभीजी, थोड़ा साँस तो लेने दो!" वहिनी म्हणाल्या, "साँस उस पार जाके लेना. रुकना नहीं है, बिल्कुल नहीं." दोन नियम पक्के. एक फोन, एक माणूस. आणि थांबायचं नाही. वहिनी स्वतः मात्र सर्वांत शेवटी जाणार. आधी आपली माणसं पलीकडे गेली की नाही ते बघणार.

जपानला जायचं ठरलं तेव्हा इकडून नेलेल्या सगळ्याच फोनांवर तिथलं कार्ड चालत नाही हे कळलं. वहिनींनी कार्डाचा नाद सोडला नाही, घरातले दोन्ही फोन बदलले. मग बँकेने कार्डात पैसे भरू दिले नाहीत. बँकेचा मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, ये ट्रान्झॅक्शन फॉरेन है." वहिनी म्हणाल्या, "बेटा, फॉरेन तो मैं भी वहाँ रहूँगी. मुझे तो किसी ने नहीं रोका." शेवटी तिथे पोचल्यावर दुकानात रोख देऊन पैसे भरता येतात हे त्यांनीच शोधून काढलं.

आता जे सांगतो ते मी माझ्या घरी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बारावीनंतर मी शिकायला दिल्लीला आलो. त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरचा व्हरांडा वहिनींनी पडदे लावून मला दिला आणि मी इंजिनीअर होईपर्यंत स्वतःचं पापड-कुरडयांचं वाळवण जिन्यात घातलं. आज मी मानेसरच्या एका कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर आहे. कामासाठी साहेबांबरोबर तोक्योला जायचं होतं. वहिनींनी त्याच आठवड्यात सहल ठरवली. "भाऊजी तिथे असतील, तर रविवारी एकत्र फिरू." माझ्या फोनमध्ये कार्डही त्यांनीच घातलं. लाटण्याखालून दोनदा जाऊन मी पास झालो.

बुधवारी सकाळी आम्ही सूट घालून, यजमानांबरोबर, एका मोठ्या स्टेशनात शिरलो. शेकडो माणसं आणि आवाज म्हणून नाही. आणि त्या शांततेत एक ओळखीचा खणखणीत आवाज आला, "अरे भैया, मेरे मिस्टर अंदर हैं!" गुलाबी साडी, पायात स्पोर्ट शूज, दोन हातांत दोन फोन. दादा वस्तू हरवतो म्हणून त्याचा फोनही त्यांच्याच हातात. वहिनींनी दादाला त्याच्या फोनवर आत सोडलं आणि घाईत स्वतःसाठीही तोच फोन टेकवला. एक फोन, एक माणूस! गेट मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच वहिनी लाटण्याला अडकल्या होत्या. दादा पलीकडे पाठमोरा, भिंतीवरचा नकाशा वाचत उभा.

साहेब माझ्या कानाशी लागले. "यार, अपने लोग भी ना, कहीं भी शुरू हो जाते हैं. जानते हो इन्हें?"

मी म्हणालो, "नहीं सर."

वहिनी चार पावलांवर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भा..." एवढंच तोंडातून निघालं. मग साहेबांकडे पाहिलं, माझ्या टायकडे पाहिलं, आणि त्या बाजूला सरकल्या. "सॉरी सर. प्लीज, यू गो."

त्यांनी शिकवलेलं मी तंतोतंत पाळलं. फोन टेकवला आणि न थांबता गेलो. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रविवारी ठरल्याप्रमाणे भेटलो. वहिनींनी माझ्यासाठी डब्यात गुळपापडी आणली होती. दादा सांगायला लागला, "अरे, त्या दिवशी हिचा फोन अडला. आपल्याकडचे कोणी सूटवाले होते म्हणे मागे." वहिनी म्हणाल्या, "होते कोणी. चांगले होते बिचारे." विषय संपला. जिला साऱ्या जगाने घरची मानावं म्हणून इतका खटाटोप, तिला 'बाहर की' मी केलं. आणि वर तिनेच मला 'चांगला' म्हणून सोडवलं.

गेल्या महिन्यात तेच जपानी यजमान इकडे आले. त्यांना सरोजिनी नगरचा बाजार बघायचा होता, तोही मेट्रोने. फोनवर तिकीट काढायला लागणारा ओटीपी त्यांच्या परदेशी नंबरावर येईना, साहेब हैराण. मी वहिनींना फोन केला. तासाभरात त्या स्टेशनवर हजर! पर्समध्ये पाहुण्यांसाठी ठेवलेलं जादा कार्ड. ते त्यांनी जपानी माणसाच्या हातात दिलं, तोंडाने 'पीप' केलं, आणि तो गंभीर गृहस्थ लहान मुलासारखा हसत पलीकडे गेला. साहेब खूश. "वाह! कौन हैं ये?"

"मेरी भाभी हैं, सर. इन्हीं के घर रहके पढ़ा हूँ," मी म्हणालो. आणि थांबलो नाही. "तोक्यो में गेट पे अटकी थीं, वो यही थीं. मैंने कहा था, नहीं जानता. झूठ बोला था."

 साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आत गेले. गेटपाशी आम्ही दोघंच राहिलो.

"वहिनी, त्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्हाला नीट ऐकू..."

"चष्मा मला जवळचं वाचायला लागतो, भाऊजी. लांबचं मला स्वच्छ दिसतं. आणि कान तर चांगलेच आहेत." त्या नेहमीसारख्या बाजूला सरकल्या. "चला, मागे रांग लागलीय. थांबू नका."

"आधी तुम्ही," मी म्हणालो.

मागून कोणीतरी ओरडलं, "भाई साहब, चलो ना यार!" वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फोन टेकवला आणि गेल्या. गुडघे आता दुखतात त्यांचे, चाल मंदावली आहे. मी फोन टेकवला, पण गेट पहिल्यांदा उघडलंच नाही. वर पाहिलं तर जन्मभर सगळ्यांना थांबू नका म्हणून बजावणाऱ्या माझ्या वहिनी पलीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात, ऐन वाटेत थांबल्या होत्या.