मधल्या चौकातला पोपट

आता कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही. हसायचे असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे पुढचे नीट ऐकू येईल. ठाणे आणि कल्याण या दोन गावांत एका दुपारी जी काही जुंपली, तिला कारण मी. आणि मी कोण, तर पाच इयत्ता शिकलेली, एका तान्ह्या मुलाची आई, जिला स्वतःच्या घरात मोठ्याने शिंकायचीही भीती.

आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी आट्यापाट्यांचा दरबार भरतो. खेळ तुम्हाला ठाऊकच आहे. चुन्याने आडव्या पाट्या आखायच्या, मधून एक उभी रेघ ओढायची. एका संघाने पाट्या धरायच्या, दुसऱ्याने हुलकावण्या देऊन त्या ओलांडायच्या. पण आमच्याकडच्या मंडळींनी यातही पंगती पाडल्या आहेत. नावाजलेले संघ पहिल्या पंगतीत, उरलेले दुसरीत. वर्षअखेर पहिल्या पंगतीतला शेवटचा आणि दुसऱ्या पंगतीतला पहिला यांचा एकच सामना व्हायचा. जिंकेल तो वर बसेल, हरेल तो खाली.

आमचा ठाण्यातल्या तळेपाळीचा संघ गेल्या वर्षी खाली आला. कोणाचा पाय घसरला म्हणून आला, हे ओटीवर कोणी बोलत नसे, कारण ओटी त्याच पायांच्या मालकाची होती. म्हणजे आमच्या घरच्या स्वारीची. मधली पाटी धरण्याचा मान इकडचा होता. यंदा सामना कल्याणशी. यंदाही घसरले, तर तो मान दुसऱ्याला जाणार, हे मला दाराआडून चहा गाळता गाळता कळले होते.

"तळेपाळ दुसऱ्या पंगतीत," दाजी वकील म्हणायचे, "म्हणजे जहागीरदाराला चपलांपाशी बसवल्यासारखं झालं."

"बसलाय मात्र निवांत," बापू मास्तर म्हणायचे.

"अहो, मानाचा नारळ तीनदा घेतलाय आपण."

"तो नारळ कधीच फोडून खाल्ला, दाजी. करवंटीसुद्धा चुलीत गेली. आता वर कसं जायचं ते बोला."

"जाणारच. कल्याणचा संघ म्हणजे काय, काल परवाचं पोर. आपल्याला परंपरा आहे."

"परंपरेनं पाटी धरता येत नाही. पाय लागतात."

पाय म्हटले की ओटीवरून नुसते चहाचे फुरके ऐकू यायचे.

माझे चित्त मात्र ओटीवर नव्हते. गोपू चार महिन्यांचा. मांडीवर असला की खुदुखुदु हसायचा. पाळण्यात घातला की डोळे विस्फारून वर बघायचा आणि असा टाहो फोडायचा की तळ्यातली बदके उडावीत. वैद्यबुवांची घुटी झाली, ओव्याचा शेक झाला. मी रात्रंदिवस मनात एकच घोकत होते, की मला मूल सांभाळता येत नाही. भूगोल येतो, व्याकरण येते, मूल येत नाही.

विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, दृष्ट लागली आहे. काढून टाक.

इथे माझी पंचाईत. दृष्ट वगैरे सगळे अज्ञान आहे, असा निबंध इकडून सभेत वाचण्यात आला होता. टाळ्या पडल्या होत्या. त्याची शुद्ध नक्कल मीच केली होती, आणि ती करताना मला प्रत्येक वाक्य पटलेही होते. पण तेव्हा गोपू झालेला नव्हता.

बरे, विहिरीवर प्रत्येकीचा उतारा वेगळा. एक म्हणाली मीठमोहऱ्या, दुसरी म्हणाली सुक्या मिरच्या, तिसरी म्हणाली लिंबू, चौथी म्हणाली बिब्बा आणि केरसुणीची काडी. पाचवी म्हणाली, पोराच्या जवळची एखादी वस्तूही सोबत जायला हवी. शिकलेली बाई अशा वेळी काय करते? सगळ्यांचा विचार घेते. मी सगळेच घेतले.

जवळची वस्तू म्हणून पाळण्याच्या दांडीचा पोपट काढला. हा पोपट मी शाळेत असताना रुमालावर लोकरीने भरला होता. मडमबाईंनी त्याला पहिले बक्षीस दिले होते. हिरवी लोकर मध्येच संपली म्हणून शेपूट काळी झाली होती आणि चोच जरा खाली उतरली होती. पण डोळ्याला मी लाल काचमणी लावला होता, तो फार छान चमकायचा. गोपूला सारखा दिसावा म्हणून बरोबर त्याच्या तोंडावर टांगला होता. मनावर दगड ठेवून त्याच रुमालात सगळा ऐवज बांधला.

चुलीत टाकावे, तर मिरच्यांचा ठसका ओटीपर्यंत जाणार आणि निबंधकार खोकणार. तीन वाटांच्या तिकाटण्यावर टाकावे, तर तिथे बापू मास्तर तपकीर ओढत उभे. म्हणून देवळात दिवा लावायचे निमित्त काढून, गोपूवरून पुरचुंडी ओवाळून, तशीच तोंडाने अवाक्षर न काढता देवळामागच्या मैदानात गेले. तिन्हीसांज झाली होती. बघते तर मैदानभर पांढऱ्या वाटा. लोकांना एक तिकाटणे मिळायची मारामार, इथे वाटेला वाट मिळते अशा जागाच जागा. काम करायचे तर चोख करावे म्हणून मी अगदी मधला चौक निवडला, पुरचुंडी ठेवली आणि मागे न बघता परतले. ती रात्र गोपूला पाळण्यात न घालता कुशीतच घेऊन निजले.

हो, सामना दुसऱ्या दिवशी आहे हे मला ठाऊक होते. त्या पांढऱ्या वाटा म्हणजेच पाट्या, हेही ठाऊक होते. फक्त ही दोन्ही ज्ञाने त्या वेळी एकमेकांना भेटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याणची मंडळी आगगाडीने उतरली. आम्ही बायका देवळाच्या ओवरीतून बघत होतो. सासूबाई शेजारी, गोपू माझ्या मांडीवर. आमचा संघ, दाजी आणि बापू मास्तरांसकट, मैदानात उतरला आणि मधल्या चौकापाशी थबकला. दाजी वकिलांनी काठीने पुरचुंडी सोडली. मीठ, मिरच्या, बिब्बा, काडी, एकेक जिन्नस बाहेर पडला, तशी मंडळी एकेक पाऊल मागे सरली. सगळ्यांत शेवटी काठीच्या टोकावर माझा पोपट वर आला.

"करणी," दाजी म्हणाले.

"आणि हे घुबड बघा," कोणीतरी म्हणाले.

"घुबड नाही," बापू मास्तर लांबूनच निरखत म्हणाले, "वेताळ आहे. डोळा बघा त्याचा."

मी गोपूच्या टोपड्यात तोंड लपवले.

"हे कल्याणकरांचं काम," दाजी गरजले.

कल्याणचे म्होरके भाऊ इनामदार पुढे आले. "आम्ही करणी करू? तुमच्यावर? अहो, तुम्ही आपले आपण पडता. गेल्या वर्षी काय आम्ही ढकललं होतं?"

"तोंड सांभाळा. आमचा संघ पहिल्या पंगतीत होता तेव्हा तुम्ही रांगत होता."

"आता तुम्ही रांगताय, त्याचं काय?"

मग धोतरे खोचली गेली, आजोबांपर्यंत उद्धार झाले. पंच म्हणाले, "खेळा, नाहीतर तळेपाळ हरली असं जाहीर करतो." पण त्या चौकात पाय ठेवायला कोणी तयार होईना. हे सगळे त्या निबंधाला टाळ्या वाजवणारे बरे का. उठून खरे सांगावे, तर निबंधकारांची बायको दृष्ट काढते हे दोन गावांना कळणार. न सांगावे, तर न खेळताच मान जाणार. मी अर्धवट उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले.

"हगवण लागली का तुला गं?" सासूबाईंनी विचारले.

तेवढ्यात स्वारी पुढे झाली. काठीवरचा रुमाल हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मग एकदा ओवरीकडे पाहिले.

"मी उभा राहतो," इकडून शांतपणे म्हणण्यात आले. "तुम्ही आपापल्या पाट्या धरा." आणि तो रुमाल घडी करून कमरेला खोचला. पोपटाचा लाल डोळा बाहेर राहिला, कल्याणकडे तोंड करून.

मग काय झाले म्हणून सांगू. कल्याणचा एक गडी त्या मधल्या पाटीजवळ फिरकेल तर शपथ. कमरेला वेताळ खोचलेल्या माणसाच्या हाताला कोण लागणार? सगळे कडेकडेने पळायचे आणि कडेला दाजी नि बापू मास्तर त्यांना आरामात टिपायचे. मधल्या पाटीवर पाय घसरणार कसा, तो हलवावाच लागला नाही. तळेपाळ वर गेली, कल्याण खाली.

दिवेलागणीला घरी आलो. गोपूला पाळण्यात घातले. वर बघितले त्याने, आणि रडण्याऐवजी अंगठा तोंडात घालून चक्क झोपला. दृष्ट लागत नाही हे मला आजही मान्य आहे. पण उतरली होती, एवढे नक्की, असे मी मनाशी म्हटले आणि स्वतःवर फार खूष झाले.

एवढ्यात स्वारी आत आली. सासूबाई समोर बसलेल्या, त्यामुळे माझ्याशी थेट बोलायची सोय नव्हती. तेव्हा झोपलेल्या गोपूशी बोलणे झाले.

"गोपाळराव, तुमच्या मातोश्रींना सांगा, त्यांचं घुबड परत आणलंय."

"पोपट आहे तो," मीही गोपूलाच सांगितले.

"असेल. पण पाळण्यावर टांगू नका म्हणावं. दिवा घेऊन आत आलो की मीच दचकतो. हे चार महिन्यांचं पोर."

मी पाळण्याकडे बघितले. मग रिकाम्या दांडीकडे बघितले. मग झोपलेल्या गोपूकडे.

"मी दोन महिने सांगीन सांगीन म्हणत होते," सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या. "पण शिकलेली सून, बक्षिसाचा पोपट. म्हटलं, मन मोडेल."

तो रुमाल आता घरात नाही. संघाने निशाण म्हणून मागून नेला. सामन्याच्या दिवशी मधल्या पाटीमागे काठीला लावतात आणि समोरचा संघ आपोआप कडेने पळतो. कल्याणकर त्याला वेताळ म्हणतात. आमची मंडळी मात्र पोपट म्हणतात, पण मी चहा घेऊन दाराशी आले असले तरच.