पहिला काप विकणाऱ्याचा

माझ्या मावशीला कुठलीही वस्तू सरळ हातात घेता येत नाही. आमच्याकडे जेवायला आली की चमच्याची मान आधी वाकवून बघते, मग वाढून घेते. माझं लग्न ठरलं तेव्हा ती नवऱ्यामुलाशी दोन शब्द बोलली आणि बाहेर येऊन आईला म्हणाली, "मऊ आहे, पण मोडायचा नाही." आईने पुढे कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. नवरा मात्र अजून ते कौतुक म्हणून सांगत फिरतो.

मावशी लाकूडकामाच्या शाळेत हत्यारांचं कोठार सांभाळते. मी तिथेच रेखाटन शिकवते. नवशिक्यांसाठी पटाश्यांचे संच घ्यायचे असले की तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही आत येत नाही. खोक्यावरचं चित्र ती बघतही नाही. एक डोळा मिटून मुठीकडून पात्याकडे नजर टाकते. पातं रेषेत नसेल तर संच तिथेच बाजूला. गोल पटाशीच्या पोटातून करंगळी फिरवते, कारण बाहेरून सगळेच चकाकी आणतात, आतली खरबड घासायला कुणाला वेळ नसतो. मग कानस. कानस पात्यात रुतली तर पोलाद मऊ, धार दुपारपर्यंतही टिकायची नाही. काचेवरून घसरावी तशी घसरली तर घडताना पोलादाला पाणी जास्त दिलंय, आणि असं कडक पातं वाकत नाही, तुटतं. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज बदलतो.

कारण ते तिच्याच हातात तुटलं होतं.

तरुणपणी ती याच शाळेत कोरीव काम शिकत होती. तिचा हात चांगला आहे हे तिच्यावर जळणारेही कबूल करायचे. रस्त्याच्या तोंडाशी हत्यारवाल्याचं दुकान होतं. त्याच्याकडून आणलेली गोल पटाशी थोड्याच दिवसांत मुठीजवळ तुटली. मावशीचा डावा हात शिकवतात तसा पात्यावर होता, धारेच्या मागे, आणि उजव्या हाताने ती मूठ पुढे रेटत होती. पातं तुटल्यावर तो जोर जाणार कुठे? मुठीला राहिलेला तुटका खुंट डाव्या अंगठ्याच्या बुडात घुसला. तो अंगठा पुन्हा वळला नाही. कोरीव काम संपलं.

हाताचं दुःख तिनं गिळलं असतं. पण हत्यारवाला शाळेत आला, तुटके तुकडे खिशात टाकले आणि गुरुजींना म्हणाला की पटाशीत काही खोट नव्हती, पोरीने हात धारेपुढे ठेवला. गुरुजींनी मान डोलावली. ज्या चुकीबद्दल पहिल्याच दिवशी ओरडा बसतो, ती चूक कायमची तिच्या माथी बसली. पुढे तिला दया म्हणून कोठारात नोकरी दिली. दरवर्षी नव्या मुलांना हात कुठे ठेवू नये हे सांगताना गुरुजी तिचंच उदाहरण द्यायचे, आणि ती पलीकडे, पातळ दाराआड, हत्यारं पुसत ऐकायची. मी असते तर त्यातलंच एखादं हत्यार फेकून मारलं असतं. मावशीने नियम केला.

कोठाराचा कारभार तिच्याकडे आला तेव्हाची गोष्ट. जो विकायला येईल त्याने पहिला काप स्वतः घ्यायचा, वर्गासमोर, नवशिक्याच्या पकडीत. हातोडा वापरायचा नाही, दोन्ही हातांनीच रेटायचं. आजवर आलेल्या विक्रेत्यांना ती गंमत वाटायची. एकाने तर निघालेली ढलपी बायकोला दाखवायला कागदात बांधून नेली. मावशीही त्यांच्याबरोबर हसायची. पण नियम एकाच माणसासाठी होता, बाकीचे बिचारे उगाच पाळत होते.

तो माणूस यंदा आला. आता त्याचं दुकान मोठं झालं होतं. स्वतःच्या छापाचे संच त्याने काढले होते, आत मखमल लावलेल्या पेटीत. या शाळेने पसंत केला की तो संच बाकीच्या शाळाही डोळे मिटून घेतात. नव्या प्राचार्यबाई पेटीवरच खूश झाल्या होत्या. तपासणीच्या दिवशी सकाळी मी कोठारात डोकावले तर मावशी खिडकीशी बसली होती, कडू औषध तोंडात धरल्यासारखी.

"चांगल्या आहेत गं," ती म्हणाली. "मेल्याला चांगलं पोलाद आत्ताच मिळायचं होतं."

तिने सगळं करून पाहिलं होतं. कानस हवी तेवढीच लागत होती, गोल पटाश्या आतून गुळगुळीत होत्या, गाठीच्या लाकडातही धार बोथटली नाही. माल दुसऱ्याच कुणाचा होता, याने वरून छाप तेवढा मारला होता. पात्यांवर कारखान्याचं तेल जसंच्या तसं होतं, म्हणजे एकही पटाशी त्याने चालवून पाहिली नव्हती. मी म्हटलं, मग आता पसंत म्हणावं लागेल. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"खोटं मी बोलणार नाही. ते त्याचं काम," ती म्हणाली. "पण नियम आहे ना."

दुपारी वर्ग भरला. हत्यारवाला पांढरे केस मागे फिरवत आला, मावशीला हसून ओळख दिली, तब्येत विचारली. मावशीने टेबलावर गाठीचं लाकूड आवळून बसवलं आणि त्याच्या हातात त्याचीच गोल पटाशी दिली. डावा हात पात्यावर ठेवायला सांगितलं. त्याने ठेवला, आणि मग त्याचं लक्ष स्वतःच्या त्या हाताकडे गेलं. पातं तुटलं तर तिथल्या हातात खुंट कुठे घुसतो, हे मावशीइतकंच त्यालाही ठाऊक होतं.

त्याने हातोडा मागितला. हातोडा नाही, मावशी म्हणाली. त्याने थोडं मऊ लाकूड मागितलं. तेही नाही. प्राचार्यबाई घड्याळाकडे बघू लागल्या. त्याने डावा हात हळूच पात्यावरून काढून घेतला.

"हात का काढलात?" मावशीने विचारलं. "धारेमागे तर होता. हात पुढे ठेवला तरच लागतं, तुम्हीच सांगितलं होतंत."

"तसं नसतं बाई," तो पुटपुटला.

"मुलांना ऐकू येत नाही."

त्याने वर्गाकडे पाहिलं. "पातं तुटू शकतं," तो म्हणाला. "मग मागे असला तरी लागतं."

"तेव्हाही ठाऊक होतं?"

त्याने मान खाली घातली, आणि तशीच हलवली. हो.

प्राचार्यबाई म्हणाल्या की विकणाऱ्यालाच भरवसा नसेल तर असली हत्यारं मुलांच्या हातात द्यायची नाहीत, आणि पेटीचं झाकण लावून ती त्याच्याकडे सरकवली. मावशी काहीच बोलली नाही. मी बोलायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा पाहून मिटलं. मला तिची भीती वाटली, आणि खरं सांगते, आनंदही झाला.

प्राचार्यबाई गेल्या, मुलं गेली. हत्यारवाला पेटी उचलणार तोच मावशीने टेबलावर राहिलेली ती गोल पटाशी घेतली. न वळणारा अंगठा पात्याला टेकवला आणि थेट गाठीवर रेटली. आडवी, मग उलटी, मग मनगट पिळून. पातं कुरकुरलंही नाही. एक लांब, अखंड ढलपी गोल वळत वर आली. मावशीने ती मोडू न देता उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"एक नंबर पटाशी आहे," ती म्हणाली. "मी सकाळीच पाहिलं होतं."